स्टेन्सिल आणि कलर रिमूव्हरनं घरच्या घरी शर्टवर डिझाइन: नेमकं कुठं फसतं

स्टेन्सिल कापायला दोन तास लागतात, ब्लीच मारायला दोन मिनिटं, आणि शर्ट वाया जातो तो जवळजवळ नेहमी त्या दोन मिनिटांत, नाहीतर लगेच नंतर नळाखाली धरताना. ज्यांचे शर्ट फसलेत ते स्टेन्सिलला दोष देतात, कागद नीट चिकटला नाही, डिझाइन फार बारीक होतं वगैरे. माझ्या अनुभवात कारणं दोनच निघतात: ओल जास्त झाली, किंवा ब्लीचचं काम वेळेवर थांबवलं नाही. इथं आपण रंग लावत नाही आहोत, काढतोय, आणि गेलेला रंग परत आणता येत नाही, म्हणून खालचा क्रम आहे तसाच ठेवा आणि कितीही कंटाळा आला तरी टेस्टची पायरी गाळू नका.

## १. कशानं रंग काढणार ते आधी ठरवा

कलर रिमूव्हर या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी मिळतात आणि लोक त्या एकमेकींच्या जागी वापरून बघतात. तिथूनच घोळ सुरू होतो.

पहिलं म्हणजे साधं क्लोरीनवालं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. घरगुती बाटलीत ते साधारण ३ ते ६ टक्के असतं. गार पाण्यात, डोळ्यांसमोर काम करतं, पण रंगाबरोबर कापडाचे धागेही खातं.

दुसरी पावडर, सोडियम हायड्रोसल्फाइट, रंगकाम करणारे हिला नुसतं हायड्रो म्हणतात. ही गरम पाण्यात अख्खा कपडा बुडवून रंग उतरवायला छान आहे, पण हवा लागली की तिचा जोर जातो, त्यामुळे स्टेन्सिलवरून फवारायला ती जवळपास निरुपयोगी. बरेच जण हीच पावडर पाण्यात कालवून ब्रशनं लावतात आणि काहीच झालं नाही म्हणून वैतागतात.

तिसरी डिस्चार्ज पेस्ट. हिच्यात बहुतेक वेळा रोंगालाइट जातीचं रसायन असतं, स्टेन्सिलवरून लावायची, वाळवायची आणि वाफेच्या इस्त्रीनं रंग काढायचा. कडा एकदम स्वच्छ येतात, कापडालाही ब्लीचपेक्षा कमी त्रास.

पहिल्यांदाच करताय तर ब्लीच घ्या, कारण होतंय काय ते दिसतं. पायरी २ ते ८ ब्लीचच्या हिशोबानं लिहिल्यात, पेस्टसाठी काय बदलतं ते ९ मध्ये आहे.

सावधान: ब्लीच आणि बाकीची दोन, म्हणजे हायड्रो किंवा डिस्चार्ज पेस्ट, कधीही एकत्र करू नका, एकाच बादलीतसुद्धा नाही. दोन्ही एकमेकांशी जोरात रिअ‍ॅक्शन करतात, गरम होतात, घातक वायू सुटू शकतात. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट क्लीनर असं काहीही आंबट गेलं की क्लोरीन वायू सुटतो आणि अमोनियावालं क्लीनर गेलं तर क्लोरामाइन. म्हणून नुकतंच अ‍ॅसिड टाकून घासलेल्या बाथरूममध्ये हे काम नको.

## २. शर्ट निवडा

१०० टक्के कॉटन. बस. लिनन, रेयॉनवरही चालतं, पण रेयॉन ओला असताना नाजूक असतो, पहिला प्रयोग त्याच्यावर नको.

पॉलिएस्टरचा रंग ब्लीचला दाद देत नाही, मिक्स कापडात फक्त कॉटनचा रंग जातो आणि मळकट, धुरकट डिझाइन उरतं. रेशीम आणि लोकर तर ब्लीचमध्ये अक्षरशः विरघळतात. लायक्रा असलेला टी-शर्ट तेवढ्या भागात पिवळा पडतो आणि ताण हरवतो.

लेबल नसेल तर आतल्या शिवणीतून दोन-चार धागे काढा, चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा. कॉटन कागदासारखं जळतं आणि मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी बनतो. फक्त धागा कापडाचा घ्या, शिलाईचा नको, शिलाईचा दोरा बहुतेक पॉलिएस्टरच असतो. म्हणूनच ब्लीच केलेल्या शर्टच्या शिवणी तशाच गडद राहतात, ती काही तुमची चूक नाही.

काळा शर्ट पांढरा होईल असं धरून चालू नका. बहुतेक काळे शर्ट गंजासारखे, केशरी किंवा विटकरी होतात, नेव्ही ब्लू कधीकधी गुलाबीकडे झुकतो. काही पक्के रंग तर हलतच नाहीत, वारंवार ब्लीचनं धुवायच्या युनिफॉर्मसाठी वापरतात तसले.

नवा असो की जुना, शर्ट आधी धुवा, सॉफ्टनर न टाकता. नव्या कापडावर खळ असते, सॉफ्टनरचाही थर बसतो, अशा कापडावर थेंब उभे राहतात आणि मग डिझाइन ठिपक्याठिपक्यांचं येतं. पूर्ण वाळवा. दमट शर्टावर स्टेन्सिल चिकटत नाही आणि ब्लीच चोहीकडे ओढलं जातं.

## ३. टेस्ट, आणि ती घड्याळ लावून

खाली आतल्या बाजूला दुमडलेली जी पट्टी असते तिथं करा. दुमडीच्या आत प्लास्टिकचा तुकडा सरकवा, नाहीतर थेंब पुढे उमटेल.

ब्लीच आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या. इअरबडनं चार ठिपके द्या, एक १ मिनिटानं पुसा, दुसरा ३, तिसरा ५ आणि चौथा १० मिनिटांनी, प्रत्येक वेळी ओल्या कपड्यानं टिपून. मग तो भाग खळखळून धुवा आणि वाळू द्या. हा वाळू द्या चा भाग सगळे टाळतात. ओलं कापड नेहमी गडद दिसतं, ओल्यावर तुम्हाला हवा तो रंग दिसेपर्यंत थांबलात तर वाळल्यावर तो त्याहून फिका निघणार. वाळलेल्या चार ठिपक्यांतला आवडता निवडा आणि तो किती मिनिटांचा आहे ते लिहून ठेवा. पुढं घड्याळावर हाच आकडा.

१० मिनिटांतही हवा तेवढा रंग गेला नाही तर ब्लीचचं प्रमाण वाढवत बसू नका. एकतर बाटली जुनी आहे (ब्लीच महिनोन् महिने ठेवलं की कमजोर होत जातं), नाहीतर तो रंगच हट्टी आहे. नवी बाटली आणून एकदा बघा, तरी नाही झालं तर शर्ट बदला.

तपासून घ्या: टेस्टची जागा सुकल्यावर दोन्ही हातांनी ताणा. कापड भुसभुशीत वाटलं, धागे तुटले, तर ब्लीच अजून पातळ करा, एकास दोन पाणी, आणि टेस्ट पुन्हा.

## ४. स्टेन्सिल

सगळ्यात सोपा फ्रीझर पेपर. त्याच्या एका बाजूला पातळ प्लास्टिकचा थर असतो आणि इस्त्रीनं तो कापडाला तात्पुरता चिकटतो. तो नसेल तर वह्या-कपाटांना लावतात तसली चिकट प्लास्टिक शीट. बटर पेपर वापरू नका, तो न चिकटण्यासाठीच बनवलेला असतो, आणि मेणकागद तर अजिबातच नको, मेण कापडात उतरतं.

चिकट शीटवर मागच्या कागदाच्या बाजूनं डिझाइन काढलंत तर ते उलटं येणार. चित्र असेल तर एकवेळ चालून जातं, अक्षरं आरशातली होतात. पुढच्या बाजूवर काढा किंवा प्रिंट करताना मिरर करून घ्या. फ्रीझर पेपरवर वरच्या साध्या बाजूनंच काढायचं, तिथं ही भानगड नाही.

आता अक्षरांचं. देवनागरीत शिरोरेषेमुळं बंद पोकळ्या भरपूर तयार होतात. व, ब, क, ठ, प, म, स, ही अक्षरं सरळ कापली की आतला तुकडा गळून पडतो आणि व च्या जागी नुसता भरीव गोळा राहतो. मी एकदा अख्ख्या नावातले तीन तुकडे असे हरवले आणि ते कचऱ्यात शोधत बसलो होतो. उपाय दोन. एकतर प्रत्येक पोकळीला बाहेरच्या कागदाशी जोडणारा ३-४ मिलिमीटरचा पूल ठेवा, ठ ला खालून, व ला बाजूनं. नाहीतर शिरोरेषाच मधेमधे तोडा, प आणि म च्या डोक्यावर थोडी फट सोडली की तोच पूल होतो आणि अक्षर वाचायलाही काही अडत नाही. फ्रीझर पेपर किंवा चिकट शीट असेल तर सुटे तुकडे वेगळे चिकटवूनही चालतं, पण मग ते कापल्या कापल्या एका पाकिटात ठेवा आणि मूळ डिझाइनची एक प्रिंट जागा बघायला जवळ असू द्या.

कापताना ब्लेड नवं. आधी आतले बारीक भाग, मग मोठे, बाहेरची रेघ सगळ्यात शेवटी, कारण मोठा तुकडा निघाला की कागद लुळा पडतो. वळणावर हात फिरवू नका, कागद फिरवा. ३ मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ ब्लीचमध्ये टिकत नाही, दोन्ही बाजूंनी ओल येऊन भरून जाते.

अगदीच धाकधूक असेल तर उलटा प्रकार करा: पानं, किल्ल्या, कापलेला आकार असं काहीतरी शर्टावर ठेवायचं आणि त्याच्याभोवती फवारायचं. आकार गडद राहतो, भोवती शिंतोड्यांची झाक येते आणि कड जरा हलली तरी ते मुद्दाम केल्यासारखं दिसतं. एक सांगतो, धातूची वस्तू ठेवली तर काम झाल्याबरोबर धुवा, ब्लीच धातू खातं.

## ५. शर्ट मांडणे आणि स्टेन्सिल बसवणे

शर्ट उभा दुमडून मधोमध इस्त्री फिरवा, ती घडीची रेघ म्हणजे तुमची मध्यरेषा. छातीवरचं डिझाइन गळ्याच्या पट्टीखाली साधारण चार बोटांवर सुरू झालं की बरं दिसतं, पण खात्री करायला शर्ट अंगात घालून आरशासमोर खडूनं खूण करा. टेबलावर मधोमध दिसणारं डिझाइन अंगात घातल्यावर पोटावर येतं, हे फार जणांचं होतं.

आधी चिकटवून घ्या. फ्रीझर पेपर चकचकीत बाजू खाली ठेवून कोरड्या इस्त्रीनं, वाफ बंद करून, एकेका जागी ८-१० सेकंद दाबा. इस्त्री ओढू नका, उचलून ठेवा, ओढली की बारीक पूल दुमडतात. गार झाल्यावर प्रत्येक कडेवरून नख फिरवा, जिथं उचकटेल तिथं परत दाबा.

मग शर्टाच्या आत पुठ्ठा. नुसता पुठ्ठा भिजतो आणि ब्लीच पाठीकडे जातं, नुसतं प्लास्टिक लावलं तर ब्लीच कापडाखाली साठून आडवं पसरतं. म्हणून पुठ्ठ्याला प्लास्टिक गुंडाळा आणि त्याच्यावर जुन्या टॉवेलचा तुकडा घाला, जास्तीची ओल तो पिऊन घेतो. तुकडा स्टेन्सिलपेक्षा सगळीकडून मोठा हवा. ही एक गोष्ट केली तरी निम्म्या धुरकट कडा बंद होतात.

आता स्टेन्सिलच्या बाहेरचा सगळा शर्ट प्लास्टिकनं झाका, बाह्यासुद्धा, आणि प्लास्टिकची कड मास्किंग टेपनं स्टेन्सिलवरच चिकटवा. फवाऱ्याचे बारीक थेंब वाटतं त्यापेक्षा लांब उडतात आणि ते दिसतात दहा मिनिटांनी.

तपासून घ्या, बाटली उघडायच्या आधी: हातमोजे, डोळ्यांना गॉगल, अंगात फाटका कपडा, खिडक्या उघड्या, मुलं आणि प्राणी दुसऱ्या खोलीत, टिश्यूचा गठ्ठा हाताशी, पाण्यानं काठोकाठ भरलेली मोठी बादली शेजारी आणि पायरी ७ चं द्रावण तयार. हे सगळं जागेवर नसेल तर सुरू करू नका, कारण एकदा फवारलं की शोधाशोधीला वेळ नाही.

## ६. फवारणी

टेस्टमध्ये ठरलेल्या प्रमाणात ब्लीच-पाणी स्प्रे बाटलीत भरा. पातळ केलेलं द्रावण त्याच दिवशी वापरून टाका, बाटलीत बंद करून ठेवू नका.

नोझल अगदी बारीक तुषारांवर. पहिले दोन-तीन फवारे बाजूच्या कागदावर, कारण सुरुवातीचे थेंब जाडे पडतात. मग २५ ते ३० सेंटीमीटरवरून, सरळ वरून खाली. तिरपं मारलं की द्रावण कडेच्या खाली घुसतं. एक हलका हात फिरवा आणि थांबा. कापड ओलं चिंब दिसायला नको, दव पडल्यासारखं दिसायला हवं. पहिला फवारा पडताच घड्याळ सुरू.

अर्ध्या मिनिटानं स्टेन्सिलवर साठलेले थेंब टिश्यूनं टिपा, पुसू नका, वरून दाबून उचला. मग दुसरा हलका हात, परत टिपा. लागलाच तर तिसरा. रंग लगेच गेला नाही की लोक पंप दाबतच सुटतात, आणि ब्लीचला तर रंग मोडायला वेळ हवा असतो, जास्त द्रावण नव्हे. जास्तीचं सगळं कडेखाली जातं.

ब्रशनं करायचं असेल तर जाडसर ब्लीच जेल घ्या, त्यात अ‍ॅसिड नाही हे लेबलवर वाचून, आणि स्पंजनं टप टप लावा. खऱ्या केसांचा ब्रश नको. ब्लीच केस विरघळवतं, दहा मिनिटांत ब्रश लिबलिबीत होतो आणि केस डिझाइनला चिकटून बसतात.

ठरलेल्या वेळेच्या थोडं आधी, रंग हवा त्यापेक्षा किंचित गडद दिसत असतानाच पुढच्या पायरीवर जा. उन्हात वाळवत ठेवू नका, ड्रायर मारू नका. वाळलं म्हणजे थांबलं असं नाही, तिथं राहिलेलं ब्लीच कापड खातच राहतं आणि मग तिसऱ्या-चौथ्या धुण्यात अक्षरांच्या आकाराची भोकं पडतात.

## ७. थांबवणे

इथं सगळ्यात जास्त शर्ट मरतात, म्हणून सावकाश वाचा.

आधी टिश्यूनं डिझाइन पूर्ण टिपा. मग वरचं प्लास्टिक काढा, स्टेन्सिल बाहेरून आत अशी अलगद सोला आणि तिच्यावरचे थेंब शर्टावर न पाडता थेट कचऱ्यात. पुठ्ठा अजून आतच. आता पुठ्ठा काढून शर्ट एका झटक्यात अख्खा बादलीत बुडवा आणि लगेच जोरात हलवा. बारीक धारेखाली हळूहळू धरलात तर डिझाइनमधलं ब्लीच ओघळत खाली जातं आणि पोटावर फिकट पट्टे उमटतात. भरपूर पाण्यात एकदम गेलं की ते इतकं पातळ होतं की बाकी शर्टाला काही करू शकत नाही. पाणी बदलून दोनदा खळबळा.

नुसत्या पाण्यानं धाग्यातलं ब्लीच पूर्ण निघत नाही, त्यासाठी न्यूट्रलायझर, म्हणजे ब्लीचचं काम थांबवणारं रसायन लागतं. घरात मिळण्यासारखं म्हणजे औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, एक भाग त्याचं आणि दहा भाग पाणी. दुसरं सोडियम थायोसल्फेट, जुने फोटोग्राफर ज्याला हायपो म्हणायचे ते, पाकिटावर लिहिलंय त्या प्रमाणात. दोन्हीपैकी कुठलंही एक घ्या. आधी पाण्यानं नीट खळबळून मगच यात १०-१५ मिनिटं बुडवा. पेरॉक्साइडमध्ये बारीक बुडबुडे आले तर घाबरू नका, तो ऑक्सिजन आहे.

सावधान: व्हिनेगरनं ब्लीच थांबतं हे ऐकलेलं विसरून जा. थांबत नाहीच, उलट क्लोरीन वायू सुटतो, आणि द्रावणाचा अल्कलीपणा (आंबटपणाच्या उलट गुण) उतरल्यावर ब्लीच कॉटनचं नुकसान आणखी वेगानं करतं. म्हणजे तब्येत आणि शर्ट दोन्ही जाणार.

अंगावर थेंब पडला तर लगेच भरपूर पाणी. डोळ्यात गेलं तर निदान १५ मिनिटं सतत पाणी मारत राहायचं आणि डॉक्टर गाठायचा.

## ८. धुणे

साध्या डिटर्जंटनं, एकटाच शर्ट, गार पाण्यात. सुकल्यावर डिझाइनच्या जागेचा वास घ्या, ब्लीचचा जरासुद्धा वास आला तर पायरी ७ मधलं बुडवणं परत करा. दुसऱ्यांदा फवारून रंग आणखी काढायचा मोह झाला तर शर्ट पूर्ण वाळल्याशिवाय नको, आणि मुळात तीच स्टेन्सिल त्याच जागी परत तंतोतंत बसत नाही, कडा दुहेरी होतात. मी तरी तो नाद सोडलाय.

## ९. डिस्चार्ज पेस्ट वापरत असाल तर

२ ते ५ तसंच, फक्त टेस्टमध्ये मिनिटं मोजायच्या ऐवजी वाळवून वाफ द्यायची. पेस्ट स्पंजनं पातळ, एकसारखी लावा. स्टेन्सिल काढा आणि पेस्ट पूर्ण वाळू द्या.

वाळल्यावर रंगात काहीही फरक दिसणार नाही, आणि दिसायलाही नको. इथंच लोकांना वाटतं फेल झालं, मग दुसरा थर, तिसरा थर, आणि इस्त्री लावल्यावर सगळं पसरतं. पेस्ट उष्णता आणि ओल दोन्ही एकदम मिळाल्यावर जागी होते. म्हणून इस्त्री वाफेवर ठेवा, वर पातळ सुती कापड घाला आणि एकेका भागावर थोडा थोडा वेळ धरा. रंग जाताना समोर दिसतो. कोरड्या इस्त्रीनं अर्धवट काम होतं, वाफ कमी पडत असेल तर वरच्या कापडावर पाण्याचा हलका फवारा मारा. वास उग्र येतो आणि या रसायनांतून फॉर्मल्डिहाइड सुटू शकतं, तेव्हा खिडकी उघडी, तोंड लांब.

मग लगेच धुवा. इथं पेरॉक्साइड किंवा हायपो लागत नाही, पण धुण्यात आळस केला तर काही जातीच्या रंगांत गेलेला रंग हवा लागून थोडा परत येतो, निळ्या-काळ्यांत विशेष.

उरलेली पेस्ट डब्यात परत ओतू नका. आणि घरात हायड्रोची पावडर आणून ठेवली असेल तर डबा घट्ट बंद, कोरड्या जागी. तिला थोडीशी ओल लागली तर ती आतून तापते आणि पेटूही शकते, त्यामुळे द्रावण करताना नेहमी पाण्यात पावडर टाकायची, पावडरीवर पाणी कधीच नाही.